ब्लॅक कम्युनिटीसाठी हेल्थ प्रोग्राम आहेत, पण माणसं तिथपर्यंत पोचत नाहीत. काय करावं?

उत्तरवारा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक प्रश्न आहे, इथे हेल्थकेअरमधले बरेच जण आहेत म्हणून विचारते. मी मिनियापोलिसमध्ये (मिनेसोटा राज्य) एका नॉनप्रॉफिट क्लिनिकच्या आउटरीच टीममध्ये आहे. आमच्याकडे बीपी आणि डायबेटिसचे प्रोग्राम आहेत, खास ब्लॅक पेशंट्स डोळ्यासमोर ठेवून केलेले, म्हणजे शिकवणारी माणसं त्यांच्यातलीच, खाण्याचे सल्ले त्यांच्या जेवणाला धरून, बऱ्यापैकी विचार करून केलंय सगळं. आणि वर्ग रिकामे. डॉक्टर रेफरल टाकतात, आमच्याकडून फोन जातो, व्हॉइसमेल, परत फोन, परत व्हॉइसमेल, मग सिस्टिममध्ये ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं टाकून फाइल बंद.

मला वाटतं गडबड फॉर्मपासूनच सुरू होते. ‘ब्लॅक ऑर आफ्रिकन अमेरिकन’ असा एकच चौकोन आणि त्यात कोण कोण बसलंय बघा. नॉर्थ मिनियापोलिसमधली कुटुंबं ज्यांचे आजी-आजोबा दक्षिणेतून इकडे आले. सेंट पॉलचे रोंडोवाले, ज्यांची अख्खी वस्ती आय-९४ हायवेसाठी फोडली. सीडर-रिव्हरसाइडचे सोमाली. ब्रुकलिन पार्क, ब्रुकलिन सेंटरकडचे लायबेरियन, ज्यांच्यातले बरेच यादवी युद्धामुळे देश सोडून आलेले. शिवाय ओरोमो (इथिओपियातलाच एक समाज) आणि बाकीचे इथिओपियन. एकमेकांशी भाषा जुळत नाही, धर्म वेगळे, आणि खरं सांगायचं तर एकमेकांबद्दल फार प्रेम असतंच असंही नाही. फ्लायर मात्र सगळ्यांना एकच, त्यावर हसणारी एक ब्लॅक फॅमिली आणि खाली फोन नंबर.

वरून सांगतात ‘ट्रस्ट बिल्ड करा’. बरं, पण सोमवारी सकाळी ऑफिसला जाऊन ट्रस्ट बिल्ड करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

दोनच गोष्टी विचारायच्यात. आफ्रिकन अमेरिकन आणि आफ्रिकन इमिग्रंट अशा दोन वेगळ्या वाटा कराव्यात का, की एकच ठेवून थोडी डागडुजी करावी? आणि चर्च, मशीद, बार्बरशॉप वगैरे सगळे म्हणतात, त्यातलं खरोखर काय चालतं?

गोळीवाला_एलए

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो माझ्या धंद्यातला आहे, मी फार्मासिस्ट.

लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी बार्बरशॉपमध्ये केलेला अभ्यास वाचला नसेल तर वाचाच, २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. ५२ ब्लॅक बार्बरशॉप, ३१९ पुरुष, सगळ्यांचं वरचं बीपी १४० किंवा त्याच्या वर. आणि सगळे त्या दुकानाचे बांधलेले गिऱ्हाईक, म्हणजे निदान सहा महिने दर सहा आठवड्यांच्या आत केस कापायला येणारे. काही दुकानांत बार्बरने फक्त समजावायचं की बाबा डॉक्टरकडे जा, मीठ कमी कर. बाकीच्या दुकानांत फार्मासिस्ट स्वतः यायचे, बीपी बघायचे आणि गिऱ्हाइकाच्या डॉक्टरशी आधीच करार झालेला असल्यामुळे तिथल्या तिथे गोळी सुरू करायचे, बदलायचे, डोस वाढवायचे. सहा महिन्यांनी फार्मासिस्टवाल्या गटाचं वरचं बीपी सरासरी २७ ने खाली, नुसतं समजावलेल्या गटाचं ९ ने. १३०/८० च्या खाली आलेले एका बाजूला जवळजवळ ६४ टक्के आणि दुसऱ्या बाजूला १२ टक्केसुद्धा नाहीत.

आता गंमत अशी की लोक हे सांगताना फार्मासिस्ट गाळतात आणि ‘बार्बरची जादू’ म्हणून सांगतात (माझा अहंकार दुखावतो तो वेगळा). मग कुठल्यातरी शहरात खुर्चीशेजारी एक बीपी मशीन आणि पत्रकांचा गठ्ठा ठेवतात, महापौरांसोबत फोटो होतो, आणि ज्याचं बीपी १६५ निघालं त्याला सांगतात ‘तुमच्या डॉक्टरांना भेटा’. अहो त्याला डॉक्टरच नाहीये, म्हणून तर तो तुम्हाला खुर्चीत सापडला. बार्बरने माणूस थांबवून दिला, त्याच्या शब्दाला वजन आहे, मान्य, पण औषध तिथे आलं म्हणून आकडा उतरला. तुमच्या क्लिनिकला स्वतःचा फार्मासिस्ट असेल तर त्याला आठवड्यातून एक दुपार नॉर्थ मिनियापोलिसमधल्या एखाद्या दुकानात बसवा, तुमचा वर्ग नंतर.

सोमाली बायकांसाठी हे चालणार नाही हे उघड आहे, तिथे दुसरं कोणी बोलेल.

हार्बरवाली

+१, औषध तिथे गेलं हा मुद्दा फार महत्त्वाचा.

मी बाल्टिमोरमध्ये नर्स आहे, बरीच वर्षं. ट्रस्टबद्दल बोलते. इकडे कोणी ट्रेनिंग द्यायला आलं की पहिली स्लाइड टस्कीगीची असते. असायलाच हवी. १९३२ ते १९७२, अलाबामातले सिफिलिस झालेले ३९९ ब्लॅक पुरुष, सरकारी पब्लिक हेल्थ सर्व्हिस त्यांना नुसतं बघत बसली, पेनिसिलिन हे नेहमीचं औषध झाल्यावरसुद्धा दिलं नाही. आमच्या शहरात तर हेन्रिएटा लॅक्स यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांच्या कॅन्सरच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या आणि त्या पेशींवर जगभर संशोधन झालं, धंदा झाला.

पण माझं म्हणणं असं की सगळं टस्कीगीवर ढकललं की आपण सुटतो, कारण ते जुनं, ते करणारे मेलेले. माझ्या पेशंट आजोबांना टस्कीगीचं साल सांगता येणार नाही पण इमर्जन्सीत दुखतंय दुखतंय म्हणत बसले आणि समोरच्याला वाटलं हा गोळ्यांसाठी नाटक करतोय, हे त्यांना पक्कं आठवतं. आणि हे नुसतं वागण्याबोलण्यातलं नाही, मोजमापातच होतं. बोटाला लावतो ते ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, २०२० च्या एका अभ्यासात लपलेली ऑक्सिजनची कमतरता ब्लॅक पेशंट्समध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा सुटलेली निघाली. किडनीचं ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, काढायच्या सूत्रात तर ब्लॅक असाल तर आकडा वाढवायचा असा गुणकच होता, म्हणजे कागदावर किडनी बरी दिसायची आणि ट्रान्सप्लांटच्या रांगेत उशिरा नंबर लागायचा. तो गुणक काढायची शिफारस २०२१ मध्ये आली. २०२१! म्हणजे ‘यांचा विश्वास का नाही’ हा प्रश्न उलटा आहे, त्यांनी का ठेवावा?

आता आफ्रिकेतून आलेल्यांचं. आमच्या फ्लोअरवर नायजेरिया, कॅमेरून, घानाच्या पुष्कळ नर्सेस आहेत. त्यांच्या घरच्यांना अमेरिकन डॉक्टरबद्दल असा राग नसतो, उलट मोठी अपेक्षा असते. त्यांचं गाडं दुसरीकडे अडतं, इन्शुरन्स, शिफ्ट, आणि ‘आजारी नसताना डॉक्टरकडे कशाला’. प्रिव्हेंटिव्ह हा प्रकारच पचनी पडत नाही, आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा. त्यामुळे आफ्रिकन अमेरिकन आजोबांसमोर जे बोलायचं ते लायबेरियन काकूंसमोर बोलून उपयोग नाही. पुढच्या पिढीची मात्र गोष्ट बदलते, इथे वाढलेल्या मुलीला डिलिव्हरी रूममध्ये ती लेगॉसची की शिकागोची हे कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये ब्लॅक बायकांचा बाळंतपणातला मृत्युदर एक लाख जन्मांमागे ५०.३ होता, गोऱ्या बायकांचा १४.५.

थोडक्यात दोन वाटा करा, पण बाळंतपणाच्या बाबतीत मी एकत्रच ठेवीन.

सरळसोट

मला हे वेगवेगळे कार्यक्रम प्रकरण कधी झेपलं नाही. डायबेटिस हा डायबेटिस. साखर सगळ्यांची सारखीच वाढते, गोळी तीच. आपण देशी लोक आलो तेव्हा आपल्यासाठी कोणी वेगळा वर्ग काढला होता? शिकलो ना इंग्लिश, भरले ना फॉर्म. उद्या प्रत्येक देशाला वेगळा वर्ग काढणार का? पैसे टॅक्समधून जातात. राग मानू नका, प्रामाणिकपणे विचारतोय.

किडनीवाला

@सरळसोट, राग नाही, पण आपल्यासाठी काही वेगळं नाही हे खरं नाही. एशियन लोकांची डायबेटिस तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करावी असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये सांगितलं, कारण आपल्यासारख्यांना बारीक असतानाच साखर होते. साउथ एशियन लोकांच्या हृदयरोगावर वेगळा अभ्यास चालतो, नावच त्याचं मसाला. आणि आपण ‘इंग्लिश शिकून आलो’ कारण आपल्यातले बहुतेक डिग्री आणि व्हिसा घेऊन विमानात बसले, निर्वासित छावणीतून नाही आले. असो.

मी ह्यूस्टनमध्ये नेफ्रॉलॉजिस्ट, इथे नायजेरियन लोक भरपूर. एका चौकोनात सगळे कोंबले की डॉक्टरी कशी चुकते त्याचे नमुने देतो.

एपीओएल१ नावाचं जीन आहे, त्याचे दोन प्रकार किडनीच्या आजाराचा धोका वाढवतात. ते पश्चिम आफ्रिकेत बरेच सापडतात, म्हणून आफ्रिकन अमेरिकन, नायजेरियन, घानावाले यांच्यात दिसतात. इथिओपियन लोकांत जवळपास नाहीत. म्हणजे तुमच्या सेंट पॉलच्या ओरोमो पेशंटला ‘ब्लॅक लोकांना किडनीचा धोका जास्त’ हे पत्रक दिलं तर कारण निराळं, हिशोब निराळा.

सिकलसेल घ्या. नायजेरियन माणसाला विचारा तुझा जीनोटाइप काय, तो झोपेतून उठून सांगेल एए (सिकलसेलचं जीन नाही) की एएस (एक जीन आहे, म्हणजे ट्रेट), कारण तिकडे लग्न ठरवताना विचारतात, बरीच चर्चेस रिपोर्ट मागतात. इथे जन्मलेल्या आफ्रिकन अमेरिकन मुलांची चाचणी जन्मतःच होते, सुमारे १३ ब्लॅक बाळांमागे एकात ट्रेट असतो, पण तो कागद आईच्या कुठल्या ड्रॉवरमध्ये गेला कुणास ठाऊक, वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला स्वतःचं माहीतच नसतं. एकाच आजारासाठी एका समाजाला माहिती द्यायची गरजच नाही आणि दुसऱ्याला पहिल्यापासून सांगावं लागतं. जाताजाता, सिकलसेलची तपासणी गल्लीबोळात नेली ती ब्लॅक पँथर पार्टी या ब्लॅक लोकांच्या राजकीय संघटनेने, १९७१ च्या सुमारास, आपल्या फुकट दवाखान्यांतून. सरकारचा कायदा त्यानंतर १९७२ मध्ये. तेव्हा ‘कम्युनिटी हेल्थ’ हा शब्द आपण त्यांना शिकवायला जातो त्याचं मला जरा हसू येतं.

तिसरं हिपॅटायटिस बी. आफ्रिकेत जन्मलेल्यांत त्याचं प्रमाण खूप, इथे जन्मलेल्या आफ्रिकन अमेरिकनांत तेवढं नाही. २०२३ पासून सीडीसी (सरकारची रोगनियंत्रण संस्था) म्हणतं की प्रत्येक प्रौढाची आयुष्यात एकदा तरी तपासणी करा, पण ‘ब्लॅक हेल्थ’ म्हणून जे पॅकेज असतं त्यात बीपी, साखर, प्रोस्टेट असतं, हिपॅटायटिस नसतं. लिव्हरचा कॅन्सर घेऊन चाळिशीतले लोक येतात तेव्हा जीव तुटतो.

चौकोनाचं बोलायचं तर मार्च २०२४ मध्ये फेडरल सरकारने वंशाच्या नोंदीचे नियम बदललेत, ब्लॅकच्या खाली आफ्रिकन अमेरिकन, जमैकन, हैतियन, नायजेरियन, इथिओपियन, सोमाली असे उपचौकोन आलेत. तुमच्या क्लिनिकच्या फॉर्मवर ते आजच घाला, कोणाची वाट बघू नका. जन्मदेश विचारताना मात्र जपून, तो प्रश्न फ्रंट डेस्कवर विचारला की लोकांना इमिग्रेशनचा वास येतो. नर्सने आत विचारावा, का विचारतोय ते सांगून.

दुभाषी_कोलंबस

सोमाली बाजू मी घेतो, कोलंबस ओहायोत मिनेसोटाखालोखाल मोठा सोमाली समाज आहे आणि मी हॉस्पिटलच्या इंटरप्रिटर खात्यात काम करतो.

फ्लायर बंद करा आधी. सोमाली भाषेला अधिकृत लिपी १९७२ मध्ये मिळाली, आणि नंतर १९९१ पासून देशच कोलमडला, शाळा बंद. त्यामुळे साठीच्या आजीला इंग्लिश फ्लायर दिलात काय आणि सोमाली फ्लायर दिलात काय, बऱ्याच वेळा दोन्ही सारखेच. पण बोललेलं सगळं लक्षात राहतं, कविता तोंडपाठ असणारा समाज आहे तो. ओळखीच्या आवाजातला दोन मिनिटांचा ऑडिओ व्हॉट्सॲपवर टाकला की संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरतो. चुकीचा ऑडिओ पण तितक्याच वेगात फिरतो हे लक्षात ठेवा.

ते तुमच्याकडेच झालंय खरं तर. मिनियापोलिसचे सोमाली आईबाप साधारण २००८ पासून विचारत होते की आमच्या मुलांमध्ये ऑटिझम इतका का दिसतोय. साधा, रास्त प्रश्न. सरकारी बाजूने नीट उत्तर यायला वर्षं गेली, आणि दरम्यान तो अँड्र्यू वेकफिल्ड, ज्याचा लशीवरचा पेपर लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला, तो येऊन लोकांना भेटून गेला. सोमाली मुलांमधलं एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीकरण २००४ मध्ये ९२ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत ४२ वर आलं, आणि २०१७ मध्ये मिनेसोटात गोवर आला, ७५ केसेस, बहुतेक सोमाली मुलं. लोक अडाणी म्हणून हे झालं असं म्हणणाऱ्यांवर माझा फार राग आहे. ९२ टक्के त्याच लोकांनी केले होते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला ज्याने वेळ दिला त्याचं त्यांनी ऐकलं. तुम्ही बीपीचा वर्ग घेऊन गेलात आणि ते ऑटिझमबद्दल, किंवा डेकेअरबद्दल, किंवा घराच्या ओलीबद्दल विचारत असतील तर आधी ते घ्या, बीपी कुठे पळून जात नाही.

बाकी पटापट सांगतो. लहान मुलांना दुभाषी करू नका, कायद्यानेही चालत नाही, ॲफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ खाली इमर्जन्सी सोडून मनाई आहे, आणि आईच्या मासिक पाळीबद्दल नऊ वर्षांच्या मुलाने डॉक्टरला काय सांगायचं? बाईला बाई दुभाषी विचारून द्या. फोनवरचा दुभाषी घेतलात तर तो त्याच गावातला, त्याच कुळातला निघेल ही भीती लोकांना असते, एचआयव्ही, मानसिक आजार अशा विषयांत तर फार, तेव्हा आधी सांगा की लाइनवरचा माणूस दुसऱ्या राज्यातला आहे. आणि रमजान कॅलेंडरवर आधी मांडून मग डायबेटिसचे वर्ग लावा. रमजानच्या दीड-दोन महिने आधी ‘उपास करायचा असेल तर गोळ्या, इन्सुलिन कसं बसवायचं’ एवढाच विषय ठेवा आणि इमामसाहेबांना शेजारी बसवा, खोली भरते की नाही बघा. वर्षभराच्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामला न येणारी माणसं यासाठी येतात कारण हा त्यांचा प्रश्न आहे.

निवृत्त_नाना

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय. मी मेम्फिसमध्ये आयुष्य काढलं, आता रिटायर. दोन तास दक्षिणेला मिसिसिपीत माउंड बायू म्हणून ब्लॅक लोकांनी वसवलेलं गाव आहे. १९६७ मध्ये तिथे डॉ. जॅक गायगर आणि मंडळींनी कम्युनिटी हेल्थ सेंटर सुरू केलं, देशातल्या पहिल्यांपैकी एक. मुलं कुपोषित, तर यांनी काय केलं, प्रिस्क्रिप्शनवर अन्न लिहून द्यायला सुरुवात केली! दूध, भाजी, मांस, आणि दुकानदाराने बिल हेल्थ सेंटरच्या फार्मसीला पाठवायचं. वरून विचारणा झाली की फार्मसीचा पैसा किराण्यावर कसा, तर उत्तर दिलं की कुपोषणावर औषध अन्नच आहे. पुढे विहिरी खणल्या, संडास बांधले, सहकारी शेती उभी केली. तुम्ही आज जी सेंटर्स बघता, स्लायडिंग फीवाली (उत्पन्नाप्रमाणे फी), ती सगळी त्याच घराण्यातली.

हे सांगायचं कारण, सल्ला देऊ नका, वस्तू द्या. बीपीचं मशीन घरी न्यायला द्या. भाजीची पिशवी द्या. वर्गात मूल सांभाळायला माणूस द्या.

आणखी एक, पास्टर लोक थकलेत. फेब्रुवारीत (ब्लॅक हिस्टरी मंथ) आणि ऑक्टोबरात (ब्रेस्ट कॅन्सरचा महिना) सगळ्या हॉस्पिटलांना एकदम चर्चची आठवण येते. संशोधक येतात, ग्रँट संपली की पाठ फिरवतात. चर्चमध्ये आधीपासून हेल्थ मिनिस्ट्री असते, त्या बायका, बहुतेक रिटायर्ड नर्सेस, वर्षानुवर्षं फुकट राबतात. त्यांना मानधन द्या आणि तुमचा कार्यक्रम त्यांच्या हाताखाली ठेवा, उलटं नको.

उत्तरवारा

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. नाना, प्रिस्क्रिप्शनवर भाजी ही गोष्ट मी आमच्या फायनान्सवालीला सांगणार आहे, तिचा चेहरा बघायचाय.

@दुभाषी_कोलंबस, रमजानचं एकदम पटलं.

लायबेरियन लोकांचं कोणी बोललं नाही म्हणून मीच लिहिते. इंग्लिश त्यांना येतं, त्यामुळे सगळे धरून चालतात की यांना काही वेगळं नको. पण तिथल्या कितीतरी बायका नर्सिंग होम आणि ग्रुप होममध्ये काम करतात, डबल शिफ्ट, रात्रपाळी, दिवसभर दुसऱ्यांचं बीपी मोजतात आणि स्वतःचं कधीच नाही. त्यांना बीपी म्हणजे काय हे शिकवायला गेलं की हसतात, बरोबरच आहे. त्यांचे पैसे घरी पाठवण्यात जातात आणि गोळी रिफिल करायची राहते. त्यांच्यासाठी वर्ग नकोच असं वाटायला लागलंय, शिफ्ट बदलायच्या वेळेला कामाच्याच ठिकाणी काहीतरी.

इन्शुरन्सचा घोळ कोणी सोपा करून सांगेल का? ग्रीन कार्ड आहे पण मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) नाही असं बरेच सांगतात.

हार्बरवाली

१९९६ चा कायदा. ग्रीन कार्ड मिळाल्यावर बहुतेकांना मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. मुलं आणि गरोदर बायकांसाठी ती अट राज्यं उठवू शकतात. कुठल्या वर्गात कोण बसतं ते सारखं बदलतंय, त्यामुळे पेशंटला ऐकीव सांगू नका, नॅव्हिगेटरकडे (इन्शुरन्स मिळवायला मदत करणाऱ्याकडे) बसवा. मार्केटप्लेसचा (सरकारी इन्शुरन्स बाजाराचा) प्लॅन कोणाला मिळतो तेही त्याच्याकडूनच तपासून घ्या. शिवाय लोकांना पब्लिक चार्जची भीती, म्हणजे सरकारी मदत घेतली तर पुढे कागदपत्रांत अडकू, त्यामुळे हक्काचं असूनही घेत नाहीत. त्यांना वकिलाचा सल्ला मिळेल अशी सोय करा, नर्सने शब्द देऊ नये. फेडरल पैशावर चालणारी हेल्थ सेंटर्स इन्शुरन्स नसला तरी उत्पन्नाप्रमाणे फी घेतात, एवढं एक वाक्य ऑडिओमध्ये पहिलं टाका.

आणि तुमच्या त्या ‘संपर्क होऊ शकला नाही’ बद्दल. अनोळखी नंबर आफ्रिकन अमेरिकन माणूस उचलत नाही कारण तो वसुलीवाल्याचा असतो, बहुतेक वेळा हॉस्पिटलच्याच बिलाचा, आणि इमिग्रंट उचलत नाही कारण तो सरकारचा असेल. फोन हा रस्ताच नाही. डॉक्टर खोलीतून बाहेर पडायच्या आधी तुमची कम्युनिटी हेल्थ वर्कर आत जाऊन स्वतःचं नाव, स्वतःचा सेल नंबर देऊन, समोरच पहिली तारीख ठरवून बाहेर यायला हवी. मिनेसोटात तर मेडिकेड अशा वर्करच्या शिकवण्याचे पैसे देतं, तुमच्याकडे ते बिल होतंय का बघा आधी.

सरळसोट

@किडनीवाला, बीएमआय २३ चं माहीत नव्हतं, तपासून घेतो स्वतःची साखर. टॅक्सबद्दलचं मत कायम आहे पण. एक सुचवतो, दोन वाटा करताना दोघं कुठेच भेटत नाहीत असं होऊ देऊ नका, नाहीतर दोन ग्रँट, दोन ऑफिसं आणि मग एकमेकांचे पैसे ओढायला भांडणं. हे आपल्या महाराष्ट्र मंडळांत बघितलंय.

गोळीवाला_एलए

हाहा, शेवटचं वाक्य एकदम खरं.

भेटायची जागा जेवण ठेवा. ओल्डवेज म्हणून बोस्टनची एक संस्था आहे, त्यांचा आफ्रिकन हेरिटेज डाएटचा पिरॅमिड २०११ चा, आणि त्यावरून सहा आठवड्यांचा स्वयंपाकाचा वर्ग चालतो, चर्चमध्ये, लायब्ररीत कुठेही घेता येतो. पालेभाज्या, भेंडी, चवळी, रताळी, बाजरी. यातलं बरंच मिसिसिपीच्या आजीच्या स्वयंपाकघरात आहे आणि मन्रोव्हियाच्या (लायबेरियाची राजधानी) काकूंच्याही. डायबेटिस झाला की आधी आहारतज्ज्ञ सांगते तुमचं जेवण बंद करा, सॅलड खा, आणि माणूस तिथेच तुटतो. इथे उलट सांगतात की तुमच्या पणजीचं जेवण बरं होतं, डबाबंद आणि तळणाचं नंतर शिरलं. बायकांना एकत्र चालायला काढायचं असेल तर गर्लट्रेकचं काम बघा, २०१० पासून ब्लॅक बायकांना चालायला बाहेर काढतायत, फार सुंदर चाललंय. सोमाली बायका त्या गटात येतील का हे मात्र आधी त्यांनाच विचारा, कदाचित थंडीत एखाद्या शाळेच्या जिममध्ये, खिडक्या झाकून, त्यांचा वेगळा तास जास्त चालेल.

उत्तरवारा

ठीक, मग आमच्या मीटिंगमध्ये हे मांडते: फॉर्मवर उपचौकोन, फार्मासिस्टची एक दुपार बार्बरशॉपमध्ये, रमजानआधीचा एकच वर्ग इमामांसोबत, नर्सिंग होमच्या शिफ्ट बदलताना बीपी, आणि पेशंटच्या खोलीतच ओळख. चर्चच्या हेल्थ मिनिस्ट्रीला मानधन द्यायचं म्हटलं की अकाउंट्सवाले डब्ल्यू-९ (पैसे घेणाऱ्याचा टॅक्स नंबर देणारा फॉर्म) मागणार आणि तिथेच सहा महिने जाणार, त्यावर काही तोडगा असेल तर सांगा.

बार्बरशॉपमध्ये पहिल्यांदा जायचं ते कुठल्या दिवशी? शनिवारी गर्दी असते म्हणून शनिवार म्हणतायत इथले.

गोळीवाला_एलए

शनिवार नकोच, त्याचा धंद्याचा दिवस, तुम्ही मध्ये मध्ये कराल. मंगळ-बुधवारी दुपारी जा, आणि एकटी जाऊ नका, तुमच्या स्टाफमधला जो कोणी तिथे स्वतः केस कापतो त्याला घेऊन जा. पहिल्या वेळी मशीन नेऊ नका. सोमवारी बरीचशी बार्बरशॉप बंद असतात, ट्रेनिंग ठेवलंत तर त्या दिवशी ठेवा आणि त्या तासांचे पैसे द्या.

डब्ल्यू-९ चं, ती रक्कम बाईंच्या नावाने न देता चर्चच्या नावाने करार करा, चर्चकडे टॅक्स नंबर असतोच, मग ते आतल्या आत वाटतात. पास्टरना आधी विचारून.